बातम्यांचं जमलं, माणसांचं जमवावं लागलं: आठ महिन्यांचा अनुभव

सोशल मीडिया सोडला म्हणजे सगळंच सोडलं असा दावा नाही, हे आधीच सांगते. आमच्या इमारतीचा ग्रुप ज्या अ‍ॅपवर आहे ते अ‍ॅप अजून ठेवलंय, पण एका जुन्या फोनवर, आणि तो फोन स्वयंपाकघरातल्या खणात असतो. बाकी तीन ठिकाणची माझी खाती आठ महिन्यांपूर्वी मी डिलीट केली. याआधी दोनदा नुसतं अ‍ॅप काढून पाहिलं होतं. दोन्ही वेळा आठवड्याच्या आत ब्राउझरमधून गुपचूप परत गेले होते, म्हणून या वेळी थेट खातंच.

खातं डिलीट करणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. फेसबुक आणि इन्स्टाग्राम विनंती केल्यावर ३० दिवस थांबतात, आणि तेवढ्यात तुम्ही एकदा जरी लॉगिन केलं तरी विनंती रद्द करता येते. माझ्या बाबतीत एकोणिसावा दिवस जड गेला. दुसरं, 'या खात्यानं लॉगिन करा' म्हणून कुठंकुठं आत शिरला आहात ते आधी तपासा. मी तपासलं नाही. वाचलेल्या पुस्तकांची सहा वर्षांची यादी एका साइटवर होती, ती खात्याबरोबर गेली. चूक माझीच, पण अजून हळहळ वाटते.

जागा भरून काढायला आलेल्या गोष्टी पाच: फीड रीडर, ईमेल, मॅस्टोडॉन नावाचं जाळं, सिग्नल हे संदेशांचं अ‍ॅप आणि साधा फोन.

रोजचा वापर सगळ्यात जास्त फीड रीडरचा. आरएसएस हे नाव कानावरून गेलं नसेल तर एवढंच समजून घ्या: वेबसाइट आपल्या नव्या लेखांची यादी एका ठरलेल्या साच्यात, एका फाइलमध्ये ठेवते, तीच फीड. आपलं अ‍ॅप, म्हणजे फीड रीडर, अधूनमधून ती फाइल बघतं आणि नवं काही असलं की आणून देतं. मधे कुणी बसलेलं नाही. ही पद्धत १९९९ साली नेटस्केपमध्ये सुरू झाली, म्हणजे फेसबुकच्या आधी पाच वर्षं. १ जुलै २०१३ रोजी गूगलचा फीड रीडर, गूगल रीडर, बंद झाला तेव्हा आता हे संपलं असं पुष्कळांनी धरलं. पण तुम्ही पॉडकास्ट ऐकत असाल तर नकळत आरएसएसच वापरताय. एकच कार्यक्रम वेगवेगळ्या अ‍ॅपमध्ये ऐकता येतो तो त्याच फाइलमुळे.

फोनवर मी फीडर नावाचं अ‍ॅप घेतलं. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला), खातं उघडायला सांगत नाही. संगणकावर थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम, तिथं मेल आणि फीड शेजारी शेजारी दिसतात.

सुरुवात मात्र साफ फसली. पहिल्या उत्साहात मी १४० साइट भरल्या. चौथ्या दिवशी सकाळी अ‍ॅप उघडलं तर न वाचलेल्या नोंदी १,९०० च्या पुढं. सोशल मीडियावर आपलं किती वाचायचं राहिलं ते निदान दिसत तरी नाही! इथं आकडा समोर, आणि माझा स्वभाव असा की भांड्यांचा ढीग बघून झोप येत नाही. दोन आठवडे मी त्या आकड्याची नोकरी केली. मग कारण सापडलं: चार वृत्तपत्रांची मुख्य फीड. त्यातून दिवसाला शेकडो बातम्या येतात, आणि एकच बातमी चारही दारांनी आत शिरते. ती चारही काढली. एका वृत्तपत्राच्या फक्त दोन विभागांची फीड ठेवली आणि एक रोजचं सकाळचं वार्तापत्र मेलवर घेतलं. आकडा तिथल्या तिथं खाली आला.

यातून माझा मी एक नियम काढलाय, पटला तर घ्या. रोज दहादा लिहिणाऱ्याला फीडमध्ये ठेवू नये, कारण त्याच्याकडे आपण आपोआप जातोच. दोन महिन्यांतून एकदा लिहिणाऱ्याला जरूर ठेवावं, कारण आपण त्याला विसरतो. सध्या माझ्याकडे ३८ फीड आहेत. त्यातली निदान पंधरा अशी आहेत जी महिना महिना गप्प असतात आणि एके दिवशी अचानक बोलतात. त्या दिवशी खरा आनंद होतो.

आणि यादी संपते! हे लिहून समजणार नाही, वापरूनच बघा. शेवटची नोंद वाचली की खाली कोरी जागा. पहिले काही दिवस माझा अंगठा त्या कोऱ्या जागेवर वर-खाली फिरत राहायचा, दुकान बंद झाल्यावर शटर वाजवणाऱ्या गिऱ्हाइकासारखा.

फीडचा पत्ता शोधणं हे एक काम होऊन बसतं. पूर्वी साइटवर नारिंगी खूण असायची, आता बहुतेक ठिकाणी दिसत नाही. फीड मात्र पुष्कळदा असतं. वर्डप्रेसवरच्या ब्लॉगच्या पत्त्यापुढं तिरकी रेघ मारून फीड हा शब्द इंग्रजीत लिहिला की सहसा उघडतं, सबस्टॅकच्या वार्तापत्रांचंही तसंच. म्हणजे मेलचा पत्ता न देताही ती वाचता येतात. यूट्यूबच्या प्रत्येक चॅनेलचंही फीड असतं. हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटला, कारण ज्याचा व्हिडिओ बघायचा त्याचाच दिसतो आणि बाजूची रांग खुणावत नाही.

उणिवा आहेतच. काही साइट फीडमध्ये दोनच ओळी देतात आणि पुढं 'सविस्तर वाचा'. फीडरमध्ये पूर्ण लेख ओढून आणायची सोय आहे, ती दहातल्या सात वेळा चालते. दुसरं, फोनवर वाचलेलं थंडरबर्डला कळत नाही, तेच लेख परत न वाचलेले म्हणून उभे. त्यावर उपाय म्हणून भाच्यानं त्याच्या जुन्या लॅपटॉपवर फ्रेशआरएसएस नावाचा स्वतःच चालवायचा फीड रीडर बसवून दिला, म्हणजे दोन्हीकडून एकाच यादीत बघायचं. दीड महिना झकास चाललं. मग एके दिवशी बंद. भाच्याची परीक्षा सुरू होती आणि त्याच्या आईनं लॅपटॉप कपाटात ठेवला होता. "मावशी, बारा दिवस थांब ना," म्हणाला. कंपनीची ताबेदारी सुटली ती भाच्याची सुरू झाली! शेवटी साधा मार्ग धरला: फोनवर वाचायचं ते फोनवर, संगणकावर वेगळी यादी. पण त्या बारा दिवसांत मला काही अडलं नाही, कारण सगळ्या फीडची यादी ओपीएमएल फाइलमध्ये काढून ठेवली होती. ती फाइल कुठल्याही रीडरला दिली की घर जसंच्या तसं लागतं. हे काम पहिल्याच दिवशी करा.

मोठ्या बातम्या मला आता काही तास उशिरा कळतात. आठ महिन्यांत त्यानं एकदाही काही बिघडलं नाही. नवरा म्हणतो तू जगाच्या मागं पडलीस. तो स्वतः संध्याकाळी ज्या बातमीवर तावातावानं बोलतो ती सकाळपर्यंत पुष्कळदा खोटी निघालेली असते, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

मॅस्टोडॉनबद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. हे जाळं २०१६ पासून आहे. एक कंपनी नाही, वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले हजारो सर्व्हर, आणि कुठल्याही सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलता येतं, जसं एका कंपनीच्या मेलवरून दुसऱ्या कंपनीच्या मेलवर पत्र जातं. पोस्ट काळाच्या क्रमानं येतात. २०१६ सालीच ट्विटर आणि इन्स्टाग्राम या दोघांनी तो क्रम मोडला होता. इथं सुरुवातीला भयाण शांतता वाटते, कारण तुम्ही कुणाला शोधून आणल्याशिवाय कुणी येत नाही. हॅशटॅग फॉलो करता येतात हे कळल्यावर माझं बस्तान बसलं. शिवणकाम, पक्षी आणि नकाशे, एवढ्यावर माझं चांगलं चाललंय. मराठी मंडळी आहेत, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मराठी गप्पांसाठी येणार असाल तर मन घट्ट करून या.

सर्व्हर निवडताना मी 'लहान आणि प्रेमळ' असा एक निवडला. चौथ्या महिन्यात चालकानं कळवलं, खर्च झेपत नाही, दोन आठवड्यांत बंद करतोय. त्याचा राग आला नाही, पण पळापळ झाली. मॅस्टोडॉनच्या अधिकृत संकेतस्थळावर जी सर्व्हरची यादी आहे त्यात असणाऱ्यांना बंद करण्यापूर्वी निदान तीन महिने आधी सांगणं बंधनकारक आहे. माझा त्या यादीत नव्हता. खातं हलवताना आपल्याला फॉलो करणारी माणसं नव्या पत्त्यावर येतात, आपण ज्यांना फॉलो करतो त्यांची यादी फाइल काढून तिकडे भरावी लागते, आणि जुन्या पोस्ट तिथंच राहतात. जुना सर्व्हर चालू आहे तोवरच हे जमतं. तो बंद पडला की काही उरत नाही. शिवाय तिथले खासगी संदेश कुलूपबंद नसतात, सर्व्हर चालवणारा ते वाचू शकतो. घरचं बोलणं तिथं नको.

घरच्या बोलण्यासाठी सिग्नल. ना-नफा संस्था चालवते, संदेश दोन्ही टोकांना कुलूपबंद, आणि २०२४ पासून समोरच्याला नंबर न देता नुसत्या वापरकर्तानावावर बोलता येतं. खातं उघडायला मात्र अजून फोन नंबर लागतो. अ‍ॅपमध्ये खोट काढण्यासारखं मला काही सापडलं नाही. खोट एवढीच की तिथं माणसं आणावी लागतात. मी नऊ जणांना विनवलं, पाच आले, तीन टिकले. आईला तर फोनच आवडतो, तिचा प्रश्न मिटला.

आता माणसांकडे येते. इथंच मी तोंडावर पडले.

खाती बंद करताना मी सगळ्यांना कळवलं होतं, नंबर आणि मेल दिला होता. ४१२ 'मित्रां'पैकी अकरा जणांनी मेल केला. हे अपेक्षित होतं, त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्याचं. एका मैत्रिणीनं घर बदललं, नव्या घरी सगळ्यांना बोलावलं, आणि मला महिन्यानं कळलं. विचारलं तर म्हणाली, "अगं, टाकलं होतं की मी." तिच्या दृष्टीनं सांगून झालं होतं. मी ऐकायला जागेवर नव्हते. तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. दोनशे माणसांना एकाच वेळी सांगायची सोय हाताशी असताना एकीसाठी वेगळा फोन तिनं का करावा?

आणि सार्वजनिक सूचनांचं हेच. आमच्या भागातला पाणीपुरवठा बंद राहणार ही सूचना संबंधित खात्यानं फक्त सोशल मीडियावर टाकली. त्यांच्या संकेतस्थळावर शेवटची सूचना दोन वर्षांपूर्वीची. मला ती बातमी कळली तेव्हा डोक्याला शाम्पू होता. खणातला तो जुना फोन त्या दिवसापासून आहे. सकाळ-संध्याकाळ एकदा काढायचा, इमारतीचा ग्रुप बघायचा, परत ठेवायचा.

मग मी एक वही केली. खरोखरची, कागदाची. सव्वीस नावं, प्रत्येकापुढं शेवटचं कधी बोललो ती तारीख. नवऱ्याला हा प्रकार हिशेबी वाटला, 'मैत्रीची उधारी' म्हणाला. असेल. पण वही नसती तर मी चौघींशीच बोलत राहिले असते, ज्यांच्याशी एरवीही बोलते.

वहीत चौथं नाव कॉलेजमधल्या एका मित्राचं होतं. सहा वर्षं त्याच्या प्रत्येक फोटोला मी लाइक दिलेला. मुलीचा पहिला दिवस, नवी गाडी, डोंगरावरचे सूर्योदय, सगळं मला माहीत. आम्ही संपर्कात आहोत असंच मी कुणीही विचारलं तर सांगितलं असतं. फोन लावला. पलीकडून एक घोगरा, हवा गळाल्यासारखा आवाज. मी म्हटलं, "माफ करा, नंबर चुकला वाटतं," आणि ठेवणार होते. तो म्हणाला, "थांब, थांब, मीच आहे." तीन वर्षांपूर्वी थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली होती, स्वरतंतूच्या नसेला इजा झाली, आवाज पूर्ण परत आलाच नाही. हा माणूस कॉलेजात गायचा.

त्यानं त्याबद्दल कधी काही टाकलं नव्हतं, आणि त्याच्या फोटोंत तो हसतच होता. मला काय बोलावं सुचेना. तोच म्हणाला, लोक फोन करत नाहीत हे एका परीनं सोयीचं होतं.

त्यानंतर हिशेब थोडा बदलला. फोनचा स्वतःचाच आकडा बघितला तर आधी दिवसाला तीन तास दहा मिनिटं जायची, आता दीड तासाच्या आसपास जातात. पण त्या दीड तासात बोलणं आलं, आणि बोलणं दमवतं. स्क्रोल करून मी कधी दमले नव्हते. सव्वीस नावांची आता एकोणीस झालीत. सात जणांना माझ्या फोनचं ओझं होतंय हे आवाजावरून कळलं, मी थांबले.

तो मित्र एकोणिसात आहे. गुरुवारी रात्री त्याचा फोन येतो, कधी मी करते. पहिली दोन वाक्यं मला अजूनही नीट ऐकू येत नाहीत, मग कान सरावतो.