पांढरी ३ ची लांब बासरी: नवशिक्याने घ्यावी का?

पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी बासरीची लांबी ३२ इंचांच्या आसपास नेली आणि तिला रागदारीच्या मैफलीत मानाची जागा मिळवून दिली. पुढे हरिप्रसाद चौरसियांचा मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, आलाप ऐकून कित्येकांनी बासरी हातात घेतली. म्हणूनच नवा विद्यार्थी थेट पांढरी ३, म्हणजे हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीचा सा असलेली बासरी, मागतो.

साधारण ३० इंचांचं हे वाद्य नादाला अप्रतिम आहे, मंद्र पंचम अक्षरशः छातीत घुमतो. तरीही पहिली बासरी म्हणून मी ती सुचवणार नाही. कारण बोटांचा ताण. छिद्रं मोठी आणि लांब लांब असल्याने ती बोटांच्या टोकांनी झाकत नाहीत, पेरं सपाट ठेवावी लागतात. खालच्या हाताची अनामिका केसभर उचलली गेली की हवा गळते आणि पंचम फुटतो. मग नवशिक्या जोरात फुंकतो, स्वर वरच्या सप्तकात उडी मारतो आणि दोष फुंकीवर जातो. वरची तीन छिद्रं बंद करून सा धरा, मग एकेक बोट वाढवत नी, ध, प असे खाली या. जिथे आवाज फाटेल, तिथे शेवटी ठेवलेलं बोट आधी तपासा. ते ठेवताना वरचं एखादं बोट सरकलं असेल, तर तेही पाहा.

पांढरी ५ ची बासरी पाचेक इंचांनी आखूड असते, बोटं तीच. हात बसला की लांब बासरीवर जावं.

घेताना पाचेक मिनिटं फुंकून मगच ट्यूनर लावा, थंड बासरी उतरलेली, म्हणजे स्वराला खाली, बोलते. मध्य सा आणि तार सा दोन्ही तपासा. तार सा उतरत असेल तर बहुधा बंद टोकाकडचं बूच मुखछिद्रापासून लांब गेलेलं असतं. दोन्ही टोकांचा दोरा घट्ट हवा, कारण कोरड्या हवेत बांबू तडकतो. आतून अधूनमधून तेलाचा पातळ हात द्यावा, बूच मात्र कोरडं ठेवावं.

चौरसिया बासरी डावीकडे धरतात. सहा छिद्रं एका रेषेत असल्याने तीच बासरी दोन्ही बाजूंनी चालते. पन्नालालांच्या पद्धतीचं सातवं छिद्र मात्र करंगळीसाठी थोडं बाजूला पाडलेलं असतं. ती बासरी हवी असेल तर कोणत्या बाजूला धरणार, हे कारागिराला आधीच सांगा.