वायरलेस फ्लॅश ट्रिगर: लग्नसराई आणि नवरात्र झाल्यावरचा अनुभव

कॅमेऱ्यावर २.४ गीगाहर्ट्झचा ट्रिगर (लांबचा फ्लॅश रेडिओ सिग्नलने उडवणारं यंत्र), स्टँडवर दोन स्पीडलाइट (सेलवर चालणारे छोटे फ्लॅश), रिसीव्हर फ्लॅशमध्येच. बडोद्यातली मंगल कार्यालयं आणि गरब्याची मैदानं दोन्हीकडे वापरून झाल्यावरचं मत असं: पैसे टीटीएलसाठी (फ्लॅशची ताकद कॅमेरा आपणहून ठरवतो ती सोय) घालू नका, कॅमेऱ्यावरून प्रत्येक फ्लॅशची ताकद वेगळी बदलता येते त्यासाठी घाला.

मंगलाष्टकं चालू असताना फ्रेमच्या मधोमध पांढरा अंतरपाट असतो. टीटीएल आधी बारीक झटका मारून परत येणारा उजेड मोजतं. तो या कापडावरूनच येतो आणि वधूवरांचे चेहरे काळवंडतात. अंतरपाट निघाला की मोजमाप शालूच्या जरीवर जातं. दर फोटोला उजेड वेगळा. त्यापेक्षा सरळ मॅन्युअल: ए गट (पहिला फ्लॅश) छत्रीतून, दहा फुटांवर, पूर्ण ताकदीच्या १/८ वर, बी गट (दुसरा) मागून, १/१६ वर, एफ ५.६, आयएसओ ८००, शटर १/१६०. चेहरे फिके वाटले तर ट्रिगरची चकती फिरवून ए अर्धा स्टॉप वर (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). माणसांमधून वाट काढत स्टँडपाशी जायला नको.

१/८ च्या वर जाणं टाळा. पूर्ण ताकदीवर एए सेलचा फ्लॅश पुन्हा भरायला दोन-तीन सेकंद घेतो, आणि अक्षता तेवढ्या वेळात पडून संपतात. उजेड कमी वाटला तर आयएसओ वाढवा.

फ्लॅश पेटला नाही की सगळे रेंजला दोष देतात. माझ्या मते आधी सायलेंट शटर (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर) चालू आहे का ते बघावं. बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत त्यावर फ्लॅश चालतच नाही. मग ट्रिगर कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या हॉट शू या खाचेत शेवटपर्यंत सरकवून रिंग आवळली आहे का ते. मग फ्लॅश स्लीपमध्ये गेला आहे का ते. चॅनलसोबत आयडीही स्वतःचा ठेवा, नाहीतर त्याच जातीचा ट्रिगर वापरणारा दुसरा फोटोग्राफर तुमचे फ्लॅश उडवतो. फ्लॅश अगदी हाताच्या अंतरावर असूनही चुकत असेल, तर मेन्यूत जवळच्या अंतराची सेटिंग असते, ती लावा.

गरब्यात मात्र अडचण खरोखरच सिग्नलची असते. माणसांची शरीरं ही फ्रीक्वेन्सी शोषतात, म्हणून फ्लॅश डोक्यांच्या वर, सात-आठ फुटांवर हवा. तिथे १/२० शटर, १/१६ ताकद आणि रिअर सिंक (फ्लॅश शटर बंद होताना उडतो): घेराची रेघ मागे ओढली जाते आणि चेहरा शेवटी स्पष्ट उमटतो. फ्रंट सिंकवर (फ्लॅश शटर उघडताच उडतो) तीच रेघ नाचणारीच्या पुढे येते, आणि ती उलटी फिरतेय असं वाटतं. सगळे ट्रिगर सगळ्या कॅमेऱ्यांवर रिअर सिंक देत नाहीत. दुकानात आपलाच कॅमेरा लावून बघा.

दिवसा सूरसागर तलावाच्या काठावर प्री-वेडिंग असेल तर शटर १/२०० किंवा १/२५० च्या वर नेलं की फ्रेमला काळा पट्टा येतो. हायस्पीड सिंकने (शटर सरकत असेपर्यंत फ्लॅश भराभर झटके देत राहतो) तो जातो, पण ताकद दोन स्टॉप किंवा त्याहून जास्त घटते आणि मे महिन्यात फ्लॅश तापून थांबतो. फ्लॅश निम्म्या अंतरावर आणला की दोन स्टॉप परत मिळतात; नाहीतर एनडी फिल्टर (लेन्सवरची उजेड कमी करणारी काच) लावून १/२०० वरच राहा.

ट्रिगरला रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल घाला. पावसाळ्यात काम नसेल तेव्हा सेल काढूनच बॅगेत ठेवा. अल्कलाइन गळले की स्प्रिंग गंजते.