ओव्याच्या वासाचे मत्स्यखाद्य-पूरक: वापरानंतरचे मत

ओवा आणि ओरेगॅनोच्या तेलांतील थायमॉल व कार्व्हाक्रॉल ही द्रव्ये जिवाणूंच्या पेशीपटलाला इजा करतात, म्हणून आतड्याच्या आरोग्यासाठी हे पूरक तिलापिया माशांच्या खाद्यावर चोळून पाहिले. पहिले दोन दिवस मासे दाणा तोंडात घेऊन चक्क थुंकत होते. मात्रा निम्म्यावर आणून हळूहळू वाढवली, तेव्हा खाणे पूर्ववत झाले. माझी खरी तक्रार वेष्टनाबद्दल आहे. ही तेले हवेत उडून जाणारी असूनही पिशवी पुन्हा घट्ट बंद करण्याची सोय नाही, त्यामुळे महिनाभरात वास बराच उतरला. दाणे बनवतानाच्या उष्णतेतही तेल उडते. तयार दाण्यावर माशाच्या तेलासोबत लेप देणेच बरे. रोग बळावल्यावर मात्र याला औषध समजू नये.