सहा शनिवार, आणि त्यानंतरचे सोमवार: इंदुरातील समावेशक शिक्षणाच्या एका प्रशिक्षणवर्गाविषयी

इंदुरातील एका स्वयंसेवी संस्थेने सर्वसाधारण शाळांतील शिक्षकांसाठी घेतलेला समावेशक शिक्षणाचा, म्हणजे दिव्यांग मुलांना इतर मुलांबरोबर एकाच वर्गात शिकवण्याचा, प्रशिक्षणवर्ग मी यंदाच्या पावसाळ्यात पूर्ण केला. जुलै-ऑगस्टमधील सहा शनिवार, दर शनिवारी सहा तास, साडेतीन हजार रुपये शुल्क, हिंदी माध्यम आणि अठ्ठावीस शिक्षक असे त्याचे स्वरूप होते. मी पश्चिम इंदुरातील एका खासगी शाळेत सतरा वर्षे प्राथमिक वर्गांना शिकवते. यंदा माझ्या चौथीच्या वर्गात बेचाळीस मुले आहेत. त्यांतला एक मुलगा दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावतो, आणि एक मुलगी तोंडी उत्तरे अचूक देते पण वाचायला उभे केले की गप्प होते. मी या वर्गाला गेले ती या दोघांसाठी. त्यामुळे शनिवारी जे शिकवले ते सोमवारी माझ्या वर्गात करता आले की नाही, या एकाच मापाने मी प्रत्येक सत्र तपासले आहे. संस्थेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या मी त्यांना पत्राने कळवल्या आहेत.

सर्वांत उपयोगी ठरला तो श्रवणदोषाचा शनिवार. त्या सत्राच्या आधी प्रत्येकाने आपल्या वर्गातील दहा मिनिटांच्या पाठाचे मोबाईलवर चित्रीकरण करून आणायचे होते. माझे चित्रीकरण पाहताना प्रशिक्षिकेने मला एकच काम दिले: फळ्याकडे तोंड करून आपण किती वेळा बोललो ते मोजायचे. दहा मिनिटांत चौदा वेळा. माझ्या वर्गातील मुलगा ओठांच्या हालचालींवर किती अवलंबून आहे हे मला ठाऊक होते, त्याला पहिल्या बाकावरही मीच बसवले होते, आणि तरी चौदा वेळा मी त्याच्याकडे पाठ करून बोलत होते. शिवाय माझी उभी राहण्याची जागा खिडकीसमोर होती. मागून उजेड आला की शिक्षकाचा चेहरा मुलाला काळोखा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत, ही साधी गोष्ट सतरा वर्षांत मला कोणी सांगितली नव्हती. श्रवणयंत्र सगळेच आवाज मोठे करते, पंख्याची घरघर आणि बाक सरकवल्याचा आवाजसुद्धा. म्हणून यंत्र लावले म्हणजे मूल आता ऐकते असे धरून चालता येत नाही, हेही त्याच दिवशी नीट कळले.

त्याच सत्रात सहा ध्वनींची चाचणी हातात बसेपर्यंत करून घेतली. मुलाच्या बाजूला साधारण एक मीटरवर उभे राहायचे, ओठ झाकायचे, आणि आ, ई, ऊ, म, श, स हे ध्वनी नेहमीच्या आवाजात, क्रम बदलून, मध्ये कमी-जास्त थांबून म्हणायचे. ऐकू आले की मूल डब्यात एक मणी टाकते. खालच्या पट्टीतल्या ‘म’पासून वरच्या पट्टीतल्या ‘स’पर्यंत हे ध्वनी बोलण्यातील जवळजवळ सगळा पल्ला व्यापतात, त्यामुळे यंत्राला त्या दिवशी काय पेलते आहे याचा अंदाज दोन मिनिटांत येतो. ओठ झाकण्यासाठी हात किंवा वही धरली तर आवाज अडतो, म्हणून प्रशिक्षिकेने पातळ कापड ताणलेली भरतकामाची रिंग आणली होती. मी घरची जुनी रिंग काढली आणि सोमवारी प्रार्थनेनंतर चाचणी घेतली. मुलाने आ, ई, ऊ आणि म यांना मणी टाकले. ‘श’ला नाही, ‘स’लाही नाही. तो माझ्याकडे पाहत मणी हातात धरून थांबला होता. नंतर पाहिले तर उजव्या कानात बसणाऱ्या यंत्राच्या साच्याला जोडलेल्या नळीत पावसाळी दमटपणाने पाण्याचे बारीक थेंब जमले होते आणि डाव्या यंत्राचा सेल संपत आला होता. दुपारी त्याच्या आईला बोलावले तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, तो सगळ्यालाच हो म्हणतो, म्हणून मला वाटलं ऐकू येतंय.” आता ही चाचणी मी रोज घेते, आणि सुटे सेल माझ्या कपाटात असतात. या एका सत्रासाठी साडेतीन हजार रुपये दिले असे मानले तरी मला ते महाग वाटत नाहीत.

दृष्टिदोषाचे सत्र ज्या शिक्षकांनी घेतले ते स्वतः अंध आहेत. अशा प्रशिक्षणांत सहभागी लोकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना खोलीत चालायला लावण्याची पद्धत आहे. त्यांनी ती स्पष्ट नाकारली. दोन मिनिटे पट्टी बांधून भीती तेवढी कळते, आणि भ्यालेला शिक्षक मुलाला जपत बसतो, शिकवत नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते मला पूर्ण पटले. त्याऐवजी त्यांनी आम्हा प्रत्येकाच्या हातात ब्रेलची पाटी आणि टोचणी दिली. पाटीवर लिहिताना कागद मागून टोचला जातो, म्हणून लिहायचे उजवीकडून डावीकडे आणि कागद उलटून वाचायचे डावीकडून उजवीकडे. सहा टिंबांच्या चौकटीत ‘क’ म्हणजे पहिले आणि तिसरे टिंब, ‘ल’ म्हणजे पहिली तीन, ‘म’ म्हणजे पहिले, तिसरे आणि चौथे. ‘कमल’ हा शब्द लिहायला मला अकरा मिनिटे लागली. मराठी-हिंदी शिकवणाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे ते असे की भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या नंतर, म्हणजे उच्चाराच्याच क्रमाने येते, तर आपण छापील लिपीत ती आधी काढतो. डोळस मुलाची वेलांटी जिथे चुकते तिथे अंध मुलाची चुकेलच असे नाही, आणि वही तपासताना हे ध्यानात ठेवायला हवे. अल्पदृष्टी असलेल्या मुलांसाठी फळ्यावरची चकाकी, अक्षराचा आकार आणि बसण्याची जागा यांविषयीही चांगले मार्गदर्शन झाले, पण त्याला वेळ थोडा मिळाला. सर्वसाधारण शाळांत पूर्ण अंध मुलांपेक्षा अल्पदृष्टीची मुलेच अधिक आढळतात, त्यामुळे हा वेळ वाढवावा असे मी कळवले आहे.

ज्या सत्राची मी सर्वाधिक वाट पाहिली तेच सर्वांत कच्चे निघाले. अध्ययन अक्षमतेवर, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात येणाऱ्या अडचणीवर, एक पूर्ण शनिवार होता, परंतु प्रशिक्षकांची उदाहरणे जवळजवळ सगळी इंग्रजी वर्णमालेतील होती: बी आणि डी यांची अदलाबदल, पी आणि क्यू यांचा गोंधळ. देवनागरी वाचताना मूल अडखळते ते वेगळ्या जागी. मात्रा गळतात, रफार भलत्याच अक्षरावर चढतो, जोडाक्षर आले की मूल शब्दच सोडून पुढे जाते, घ आणि ध किंवा भ आणि म एकमेकांत मिसळतात. यांपैकी एकाही गोष्टीवर सराव झाला नाही. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेले ‘डाली’ हे डिस्लेक्सियाच्या (वाचनातील अक्षमतेच्या) चाळणीचे, म्हणजे प्राथमिक तपासणीचे, आणि मूल्यमापनाचे साधन हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांत आहे. इंदुरातल्या शिक्षकांना याहून उपयुक्त माहिती कोणती असू शकते? पण तिचा उल्लेखही झाला नाही.

याच सत्रात घडलेला एक प्रसंग मराठी घरांतील पालकांनी आणि शिक्षकांनी जरूर लक्षात घ्यावा. अध्ययन अक्षमतेचा नमुना म्हणून एका मुलाच्या हिंदी वहीचे पान पडद्यावर दाखवले गेले आणि चुकांभोवती लाल वर्तुळे होती. त्यांत ‘पानी’ऐवजी ‘पाणी’ आणि ‘बाल’ऐवजी ‘बाळ’ लिहिलेले होते. आम्ही चार मराठी भाषक शिक्षिका एकमेकींकडे पाहू लागलो. ते मूल घरी मराठी बोलत असणार, हे आम्हाला पान पाहताक्षणी कळले. जो ध्वनी त्याने आजीच्या तोंडून ऐकला तोच त्याने लिहिला होता. सुदामानगर, लोकमान्यनगर, रामबाग या भागांतील कितीतरी मुले घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांतून रोज ये-जा करतात. अशा मुलाची चाळणी करताना घरची भाषा विचारली नाही, तर भाषेच्या सवयीला अक्षमता ठरवले जाईल. उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. “घरी मराठी बोलतात, म्हणून मागे आहे” असे म्हणून खरी अक्षमता वर्षानुवर्षे नजरेआड होते. माझ्या वर्गातल्या त्या मुलीच्या बाबतीत मी स्वतः हीच चूक केली. ती मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत वाचताना सारख्याच ठिकाणी अडते, हे मी याच सत्रानंतर तिच्यासोबत बसून तपासले, आणि आता तिचे रीतसर मूल्यमापन होणार आहे. प्रशिक्षकांनी आमचे म्हणणे ऐकून घेतले, पानावर खूण केली आणि पुढच्या तुकडीसाठी नमुना बदलण्याचे कबूल केले, हे इथे नोंदवायलाच हवे.

कायद्याचे सत्र चाळीस मिनिटांत उरकण्यात आले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, आणि १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांच्या जागी त्यात एकवीस प्रकार आले, इतके बहुतेकांना माहीत होते. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अक्षमता प्रमाणित झालेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, लेखनिक (उत्तरे लिहून देणारा मदतनीस) घेण्यास पात्र असलेल्या परीक्षार्थीला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान वीस मिनिटे जादा मिळायला हवीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले, हे मुद्दे मात्र पडद्यावरून इतक्या भराभर गेले की अर्ध्या लोकांना ते टिपून घेता आले नाहीत. पालक हे प्रश्न आधी वर्गशिक्षकालाच विचारतात. एनसीईआरटी या केंद्रीय शैक्षणिक संस्थेच्या ‘प्रशस्त’ या दिव्यांगत्वाच्या तपासणीसूचीवर थोडा वेळ दिला गेला, आणि वर्गशिक्षकाने लक्षणे नोंदवायची, निदान करायचे नाही, ही मर्यादा चांगली ठसवली गेली.

शुल्क भरण्यापूर्वी एक खुलासा अवश्य मागावा. वर्गाच्या शेवटी जे प्रमाणपत्र मिळते त्याने कोणी विशेष शिक्षक होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला विशेष शिक्षणातील डी.एड. किंवा बी.एड. आणि परिषदेच्या नोंदवहीत नोंदणी लागते. संस्थेच्या पत्रकात ‘प्रमाणपत्र’ हा शब्द मोठ्या अक्षरांत होता आणि हा खुलासा कुठेच नव्हता. आमच्याबरोबरची एक तरुण शिक्षिका विशेष शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज करता येईल या आशेने आली होती. चौथ्या शनिवारी तिला खरे कळले. तिच्या साडेतीन हजारांइतकाच तिचा गेलेला दीड महिना मला लागून राहिला आहे.

पाचव्या शनिवारी अर्धा दिवस बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या मुलांच्या एका शाळेत नेले. तेथील बाई दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाला डबा बंद करायला शिकवत होत्या. त्यांनी त्या कामाचे सात तुकडे केले होते आणि शिकवणे शेवटच्या तुकड्यापासून सुरू केले होते: झाकण बसवणे, एका बाजूची कडी लावणे हे सगळे त्या स्वतः करत, आणि दुसरी कडी खट्कन दाबायचे तेवढे त्या मुलाकडे. दर वेळी काम त्याच्याच हातून पुरे होत होते. ते जमले की मागचा एक तुकडा त्याच्याकडे यायचा. मी माझ्या वर्गात भागाकार याच रीतीने उलटा शिकवून पाहिला. सगळ्या पायऱ्या मी मांडल्या आणि शेवटची वजाबाकी मुलांना दिली. ज्या पाच-सहा मुलांची वही एरवी कोरी राहते, त्यांनीही त्या दिवशी उत्तर लिहिले.

जागेबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. पहिले दोन वर्ग दुसऱ्या मजल्यावर झाले आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) लावणाऱ्या एका सहभागी शिक्षकांना दोन्ही दिवशी जिना चढावा लागला, आणि जेवणाच्या सुट्टीत ते खाली उतरलेच नाहीत. आम्ही लेखी तक्रार केल्यावर तिसऱ्या शनिवारपासून वर्ग तळमजल्यावर आला. नोंदणीच्या अर्जात “आपल्याला कोणती सोय लागेल?” हा एक प्रश्न असता तर तक्रारीची वेळ आली नसती.

सर्वांत मोठी उणीव पाठपुराव्याची आहे. प्रत्येक शाळेला दोन भेटी देण्याचे पत्रकात लिहिले होते. वर्ग संपून अडीच महिने झाले, आमच्या शाळेत अजून कोणी आलेले नाही. व्हॉट्सॲपच्या गटावर सुविचार आणि परिपत्रके येतात. वर्गात कोणी बसून पाहिले, कुठे चुकते ते सांगितले, तरच हे शिकणे टिकते. सहा ध्वनींची चाचणी मी बरोबर घेते आहे की नाही, हे मला आजही कोणाकडून तरी तपासून हवे आहे.

तरीही प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांनी हा वर्ग करावा असे मी म्हणेन, आणि शक्यतो एकट्याने जाऊ नये. आमच्या शाळेतून तिघी गेलो म्हणून बैठकव्यवस्था आणि तासांची मांडणी बदलण्याची गोष्ट मुख्याध्यापकांपुढे ठामपणे ठेवता आली. मुख्याध्यापकांसाठी एक दिवस राखून ठेवल्यास अधिकच बरे. पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे. नाव नोंदवताना शाळाभेटींच्या तारखा लेखी मागाव्यात, प्रमाणपत्राचा उपयोग स्पष्ट विचारावा, आणि अध्ययन अक्षमतेच्या सत्रात देवनागरीचे नमुने असतील का हेही विचारून घ्यावे. सांकेतिक भाषेचा स्वतंत्र वर्ग सुरू करण्याचा त्यांचा विचार आहे असे कळते. तो कर्णबधिर शिक्षकांकडून शिकवला जाणार असेल, तर माझे नाव मी आधीच देऊन ठेवले आहे.