सायकल कॉम्प्युटर, 8 महिन्यांनंतर: आधी हवेचं छिद्र कुठे आहे ते बघा

सिंहगडाचा घाटरस्ता पायथ्यापासून वाहनतळापर्यंत साधारण 9 किलोमीटर, आणि चढ साधारण 600 मीटर. जूनच्या शेवटी भर पावसात माझ्या सायकल कॉम्प्युटरने, म्हणजे हँडलवरच्या वेग, अंतर आणि उंची दाखवणाऱ्या यंत्राने, त्याच घाटाला 214 मीटर चढ दाखवला. अर्धा घाट चढाव (रस्त्याची तिरप) 0 टक्के, मग अचानक 23 टक्के, परत 0. कंपनीच्या सेवा केंद्रात सांगितलं, उंची मोजणारा सेन्सर गेलाय, जुनं जमा करा आणि पैसे भरून बदली यंत्र न्या. सेन्सर ठणठणीत होता. बंद होतं ते टाचणीच्या डोक्याएवढं एक छिद्र, आणि ते मोकळं करायला वाटीभर कोमट पाणी पुरलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हवादाबावरून उंची मोजणाऱ्या कुठल्याही यंत्रावर ही वेळ येऊ शकते. माझं मॉडेल मधल्या किमतीचं, बटणांचं, नकाशावालं, दोन फ्रिक्वेन्सींवर जीपीएस घेणारं. स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ असतात, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

उपग्रहांवरून आडवी जागा चांगली कळते, उंची तितकी नेमकी कळत नाही. म्हणून ही यंत्रं हवेचा दाब मोजतात. पुण्याच्या उंचीवर 1 हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे जवळपास 9 मीटर, म्हणजे तीन मजले. त्यासाठी बाहेरची हवा आत यायला हवी, म्हणून खोक्याला बारीक छिद्र असतं. ते बहुतेक वेळा यंत्राच्या पोटाशी असतं, आणि हँडलच्या पुढे काढलेल्या माउंटवर यंत्र लावलं की त्याचं पोट पुढच्या चाकाच्या बरोबर वर येतं. चाक रस्त्यावरचं पाणी आणि चिखल उडवतं ते थेट तिथेच.

छिद्रावर पाण्याचा पापुद्रा धरला की आतली हवा कोंडते. तुम्ही 100 मीटर चढलात तरी आतला दाब तोच, म्हणून उंची गोठलेली दिसते. पापुद्रा फुटला की सगळा फरक एका क्षणात येतो, तो 23 टक्क्यांचा खोटा चढाव हाच. दुसरी गंमत तापमानाची. कोंडलेली हवा पावसाने 3 अंश थंड झाली तर तिचा दाब सुमारे 1 टक्क्याने उतरतो. छिद्र पूर्ण बुजलेलं असेल तर एवढ्यावर यंत्र जागच्या जागी 80-85 मीटर चढल्याचं दाखवू शकतं. त्यामुळे पावसात कधी चढ कमी दिसतो, कधी भलताच जास्त, आणि माणूस सॉफ्टवेअर अपडेट करत बसतो.

उन्हाळ्यातही हेच होतं, कारण वेगळं. घाम ठिबकतो, वाळतो, मिठाची खपली धरते. तेव्हा छिद्र पूर्ण बंद होत नाही, हवा उशिरा आत-बाहेर होते, आणि चढाव 200-300 मीटर मागून दिसतो. मार्चमध्ये हे मी यंत्राचा मंदपणा समजून सोडून दिलं होतं. ते चुकलं.

साफ करायची पद्धत अशी. यंत्र बंद करा, चार्जिंगचं रबरी झाकण नीट दाबून बसवा. वाटीत कोमट साधं पाणी घ्या, यंत्र पोटाकडून बुडवा, हलकेच हलवत मिनिटभर ठेवा. बाहेर काढून तळहातावर आपटून पाणी झटका, पाणी बदला, असं तीन-चारदा. मग छिद्र खाली राहील असं सुती कापडावर रात्रभर ठेवा. टाचणी, सुई, दात कोरायची काडी आत घालू नका, आत नाजूक पडदा असतो. पंपाची हवा मारू नका, त्याच्या झोताने सेन्सर खरोखर जातो. हेअर ड्रायर नको, तेलकट स्प्रे तर मुळीच नको. यंत्र आयपीएक्स 7 म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं टिकणारं असेल तरच हा उपाय करा, आणि स्क्रीन किंवा कड फुटलेली असेल तर अजिबात नको.

झालं की नाही हे जिन्यात कळतं. उंचीचं पान उघडा, तीन मजले चढा. आकडा 8-10 मीटरने काही सेकंदांत वाढायला हवा. मिनिटभराने वाढला तर छिद्र अजून अर्धवट बंद आहे. दुकानात नवीन यंत्र घेतानाही हा जिना चढून बघा, विक्रेता काय म्हणेल याची फिकीर करू नका.

परत बुजू नये म्हणून महागडं काही लागत नाही. फाटक्या ट्यूबचा 10 सेंटिमीटर लांब तुकडा उभा चिरून सपाट करा, दोन झिप टायनी माउंटच्या दांड्याला खालून बांधा, म्हणजे यंत्राच्या पोटाखाली पदर तयार होतो. मध्ये बोटभर फट राहू द्या, हवा खेळली पाहिजे. दुसरा मार्ग, पावसाळ्याचे चार महिने यंत्र स्टेमवर, म्हणजे हँडलला सायकलशी जोडणाऱ्या आखूड दांड्यावर लावा. तिथे मान जास्त वाकते, पण फवारा फारसा पोहोचत नाही. सिलिकॉनचं कव्हर वापरत असाल तर ते छिद्रावर येतंय का बघा. माझ्या कव्हरमध्ये त्या जागी कापच नव्हता, कात्रीने करावा लागला.

आता एक मत बदलतो. पहिले चार महिने चढाव हा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटायचा. पॉवर मीटर, म्हणजे पायांनी लावलेली ताकद वॅटमध्ये मोजणारं उपकरण, लावल्यावर तसं राहिलं नाही. 20 मिनिटांच्या चाचणीच्या सरासरी वॅटला 0.95 ने गुणून एफटीपी (साधारण तासभर टिकवता येईल एवढी ताकद) काढला आणि घाट त्याच्या 85-90 टक्क्यांवर चढायचा ठरवलं, की चढाव 6 आहे की 9, याने फारसं बिघडत नाही. वॅटला हवादाबाशी देणंघेणं नाही. पानावर वॅटची 3 सेकंदांची सरासरी लावा, क्षणाक्षणाचा आकडा नाचतो. राइडआधी पॉवर मीटरचा झिरो ऑफसेट करा, म्हणजे ताकद नसताना त्याचा आकडा शून्यावर आणा, तोही सायकल 10 मिनिटं बाहेरच्या हवेत उभी राहिल्यावर. ज्यांच्याकडे पॉवर मीटर नाही त्यांना मात्र चढाव आणि दर तासाला किती मीटर चढलो हेच दोन आधार, आणि ते दोन्ही त्या छिद्रावर.

उरलेल्या चढाचं पान वेगळं चालतं. पुढचा घाट किती उरला हे यंत्र रूटच्या फाइलमधल्या उंचीवरून आणि तुमच्या जागेवरून काढतं, त्यामुळे छिद्र बुजलं तरी ते बरोबर राहतं. त्याचा दोष दुसरा: फाइलमधली उंची उपग्रही नकाशातून आलेली असते, आणि ताम्हिणीसारख्या कड्यालगतच्या रस्त्यावर एकच उंची धरणारा नकाशाचा चौकोन कधी दरीत पडतो, कधी डोंगरावर. तिथे 18 टक्क्यांचा तुकडा दिसला तर घाबरू नका, रस्ता तसा नसतो.

नॅव्हिगेशन थोडक्यात. बीआरएमसाठी, म्हणजे वेळेच्या मर्यादेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडसाठी, रूट टीसीएक्स किंवा फिट फाइलमध्ये घ्या, वळणांच्या सूचना त्यात येतात. नुसत्या जीपीएक्स ट्रॅकमध्ये बहुधा रेघच येते. रस्ता आपोआप नव्याने आखण्याची सोय बंद ठेवा, नाहीतर चहाला बाजूला वळलात की यंत्र शेतातल्या पाणंदीने जवळचा रस्ता काढून देतं, आणि कंट्रोल, म्हणजे वाटेतला हजेरीचा थांबा, चुकतो. बीआरएममध्ये 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20 तास मिळतात. माझ्या यंत्राची बॅटरी नकाशा चालू ठेवून, दोन्ही फ्रिक्वेन्सींवर, 14 तासांत संपते. मोकळ्या रस्त्यावर एकच फ्रिक्वेन्सी ठेवली तर 18-19 तास. पावसात चालत्या सायकलवर पॉवर बँक जोडू नका, ओल्या पोर्टला वीज दिली की आतल्या पिना काळ्या पडतात.

बटणांबद्दल एक वाक्य पुरे: पावसाचे थेंब टचस्क्रीनची पानं आपोआप उलटतात, बटणं उलटत नाहीत.

चाकाच्या हबवर (मधल्या भागावर) बसणारा स्पीड सेन्सर घ्याच. घाटातल्या झाडीत आणि बोगद्यात अंतर बरोबर राहतं. टायर बदलल्यावर परीघ हाताने भरा: 700 बाय 25 मापाच्या टायरला 2105 मिलिमीटर, 28 ला 2136, 32 ला 2155. 28 वर 25 चा आकडा राहिला तर 200 किलोमीटरला जवळपास 3 किलोमीटर कमी दिसतात.

उरलं एक. छिद्र स्वच्छ असूनही सकाळी 10 ला निघून दुपारी 4 ला दारात परत आलात तर दाराची उंची साधारण 30 मीटरने वाढलेली दिसू शकते. आपल्या पट्ट्यात हवेचा दाब रोज सकाळी 10 च्या सुमारास वर आणि दुपारी 4 च्या सुमारास खाली असतो, 3-4 हेक्टोपास्कलचा फरक पडतो. हा बिघाड समजून यंत्र सेवा केंद्रात नेऊ नका. घराची खरी उंची यंत्रात एकदा साठवून ठेवा, म्हणजे दारातून निघताना ते तिथून मोजायला सुरुवात करतं. स्पर्धात्मक तुलना करायची असेल तर स्ट्रावा या राइड नोंदवायच्या ॲपवर त्या राइडची उंची दुरुस्त करण्याची सोय वापरा, आणि जुलैच्या सगळ्या राइडना ती लावाच.