दहा खणांची पत्र्याची अंडीपेटी: तलंगांसाठी घ्यावी का?

घ्यावी. मात्र कोंबड्यांनी आत बसून अंडी घालायची ही पेटी कारखान्यातून जशी येते तशीच पहिल्या दिवसापासून तलंगांपुढं, म्हणजे अजून अंडी द्यायला न लागलेल्या कोवळ्या कोंबड्यांपुढं, ठेवू नये. तिचा तळ आधी सपाट बसवायचा आणि तलंगा रुळल्या की उताराचा करायचा. ही पेटी मला आवडली ती या सोयीमुळंच. दुकानात मात्र याबद्दल कुणी काही सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही जुन्नर तालुक्यातले, नारायणगावच्या बाजूचे. आमच्याकडं बिबट्या आहे, त्यामुळं कोंबड्या दिवसभर रानात मोकळ्या सोडायचे दिवस गेले. जाळीच्या बंदिस्त आवारात पन्नासेक ग्रामप्रिया आहेत. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं काढलेली ही जात, तपकिरी अंड्यांची, परसात पाळायला सोपी. आधी अंड्यांसाठी टोमॅटोचे क्रेट आडवे ठेवून त्यात भाताचं तूस घालायचो. नारायणगावात टोमॅटोचा बाजार, क्रेटला तोटा नाही. पण क्रेटला चारी बाजूंनी फटी. आत उजेड येतो, तूस सांडून जातं, कोंबडीला आडोसा मिळत नाही. मग ती खाद्याच्या पिंपामागं, विटांच्या ढिगाशेजारी, जिथं अंधार सापडेल तिथं बसते. अंडं घालताना तिला लपायचं असतं, तिचा स्वभावच तो. जुन्या कोंबड्या एकदा ठरलेली जागा सहसा सोडत नाहीत. जे काही शिकवायचं ते तलंगांनाच, पहिलं अंडं यायच्या आधी.

पेटी जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पत्र्याची, दोन मजली, वर पाच खण, खाली पाच. एका खणाला चार-पाच कोंबड्या पुरतात, म्हणजे पन्नाससाठी दहा खण बरोबर. प्रत्येक खण फूटभर रुंद, फूटभर उंच आणि खोलीला त्याहून थोडा जास्त. पुढं चार बोटांची पट्टी आहे, त्यामुळं तूस बाहेर येत नाही. छप्पर इतकं उतरतं की त्यावर कोंबडी बसूच शकत नाही, वरून घाण पडत नाही. खणांपुढं लाकडी दांडी आहे, तिच्यावर उडी मारून आत शिरायचं. संध्याकाळी हीच दांडी वर दुमडली की खणांची तोंडं बंद. रात्री कुणी आत झोपायला जात नाही, आणि पेटीत झोपायची सवय लागली नाही की अंडी शेणानं माखत नाहीत. पण मग पहाटे उजाडायच्या आत कुणीतरी उठून दांड्या खाली करायला हव्यात. ज्यांच्या घरी पहाटे उठणारं कुणी नाही त्यांनी निजायचे बांबू पेटीच्या वरच्या दांडीपेक्षा उंच बांधावेत. कोंबडी रात्री सगळ्यात उंच जागा धरते, पेटी आपोआप मोकळी राहते.

आता तळ. खणाच्या तळाला प्लॅस्टिकची काटेरी चटई असते आणि ती मागं उतरती बसते. अंडं घातलं की गडगडत मागच्या बंद पन्हळीत जातं. चोच लागत नाही, पाय लागत नाही, अंडं स्वच्छ. फुटकं अंडं एकदा चाखलं की कोंबडीला अंडी खायची खोड लागते, तीही यात टळते. जुन्या, शिकलेल्या कोंबड्यांसाठी हे फार छान आहे. तलंगेला मात्र पायाखाली उकरायला काहीतरी लागतं. उघडी, उतरती चटई तिला जागाच वाटत नाही. डोकावते आणि परत फिरते. शिवाय अंडं लगेच गायब होतं, म्हणजे दुसरीला तिथं अंडं दिसत नाही. कोंबडी कोंबडीचं बघून शिकते. एका खणात अंडं दिसलं की दुसरी तिथंच जाते, हे ज्यानं कोंबड्या पाळल्यात त्यानं पाहिलेलं असतं.

या पेटीत चटईखालच्या दोन खिट्या काढल्या की तळ सपाट होतो आणि मागच्या फटीवर पट्टी सरकवता येते. आम्ही सुरुवातीला तसंच केलं, वर चार बोटं तूस आणि मूठभर वाळलेलं गवत. पेटी खुराड्यात ठेवायची ती तुरे लाल व्हायला लागले की, अंडं यायच्या दोन-तीन आठवडे आधी. हात पाठीवर ठेवला आणि तलंग पंख किंचित फाकवून खाली दबली, तर दिवस जवळ आले. सासूबाई तर नुसत्या आवाजावरून ओळखतात. “अगं, ती जागा हुडकतेय, ऐक की,” म्हणाल्या, आणि खरंच ती एका लयीत, लांबट स्वरात कण्हल्यासारखी ओरडत भिंतीकडेनं फिरत होती.

त्याच तलंगेचं पहिलं अंडं मी पाहिलं. खालच्या मजल्यावरच्या कडेच्या खणात ती शिरली, बाहेर आली, पुन्हा शिरली. मान तिरकी करून तुसाकडं एका डोळ्यानं पाहिलं. मग छातीनं तूस दाबत गोल फिरली, खळगा केला, चोचीनं एकेक काडी उचलून पाठीवर टाकली. बराच वेळ डोळे अर्धे मिटून बसून होती. मध्येच अर्धी उठली, शेपटी खाली, पिसं फुललेली, आणि अंडं पडलं. ओलं, चकचकीत, फिकट तपकिरी, टोकाला रक्ताची बारीक रेघ. पहिल्या अंड्यांवर अशी रेघ असू शकते, घाबरायचं कारण नाही. बघता बघता वरचा ओलावा सुकला आणि चकाकी गेली. हा थर कवचाची छिद्रं झाकतो, रोगजंतू आत शिरू देत नाही. म्हणून अंडी धुऊन ठेवू नयेत, आणि म्हणूनच ती मुळात स्वच्छ जागी पडायला हवीत. अंडं घालून ती उठली ती दांडीवर येऊन असं काही ओरडली की सगळ्या तिकडं बघायला लागल्या.

पेटीसोबत प्लॅस्टिकची दोन खोटी अंडी मिळतात. कल्पना उत्तम, पण ती फार हलकी. तलंगा उकरतात आणि अंडं बाहेर. आम्ही त्यांना खालून भोक पाडून बारीक वाळू भरली आणि भोक एमसीलनं बुजवलं. मग ती जागची हलली नाहीत. खोटं अंडं ठेवायचंच. कोळशानं खूण करून खरं अंडं ठेवायची जुनी पद्धत थंडीत चालते, उन्हाळ्यात ते नासतं आणि फुटलं तर खुराड्यात उभं राहवत नाही.

पेटी कितीही चांगली असली तरी तिच्यापेक्षा अंधाराचा कोपरा शिल्लक असेल तर तलंग तिथंच जाणार. पिंपामागची फट विटांनी बुजवा, कोपऱ्यावर दिवा येऊ द्या. पेटीवर मात्र थेट उजेड नको. आम्ही प्रत्येक खणाच्या निम्म्या तोंडावर गोणपाटाचा पडदा टांगला. जमिनीवर पडलेलं अंडं दिसताक्षणी उचलायचं, नाहीतर तीच दुसरीला खूण होते. एखादी कोपऱ्यात बसलेली दिसली तर हळूच उचलून खणात ठेवायची, पडदा सोडायचा आणि तिथून निघून जायचं. तिच्या मागं धावून काही होत नाही. बहुतेक अंडी दुपारच्या आत पडतात, तेवढ्या वेळात खुराड्यात झाडलोट, खाद्य वाटणं, लहान मुलांची ये-जा काही नको. डिसेंबरात आपल्याकडं दिवस अकरा तासांच्या आसपास येतो आणि अंड्यांसाठी चौदा तास उजेड चांगला. तेव्हा बल्ब पहाटे लावा. संध्याकाळी लावून एकदम बंद केला तर कोंबड्या बांबूवर चढायच्या आतच अंधारात अडकतात.

बहुतेकींनी पेटी धरली की मग खिट्या पुन्हा लावल्या आणि चटई उतरती केली, आधी एका मजल्याची, नंतर दुसऱ्या. तूस रोज थोडं थोडं कमी करत नेलं. दोन-चार जणी बिचकल्या, बाकीच्यांनी मनावर घेतलं नाही. आता सकाळी मागचं झाकण उघडलं की पन्हळीत अंडी ओळीनं. माझ्यासारखीला, जिला गोठाही बघायचा असतो, हे सुख मोठं आहे.

दोष सांगते. पुढच्या पट्टीची कड धारदार आहे. तलंगांच्या तळपायाला जखम झाली तर पाय सुजतो आणि मग कोंबडी कामातून जाते. आम्ही ठिबकची जुनी सोळा एमएमची नळी उभी चिरून कडेवर चढवली, अगदी घट्ट बसली. पण हे बनवणाऱ्यानं करायला हवं, चार रुपयांचं काम आहे. पन्हळीत अंड्यावर अंडं आपटून तडकतं. तिथं फोमची पट्टी चिकटवावी लागते, आणि अंडी दिवसातून किमान दोनदा काढावी लागतात. झाकणाच्या बिजागऱ्या नाजूक आहेत. एप्रिल-मे महिन्यात पत्रा तापतो, छपरावर ओलं गोणपाट टाकलं नाही तर उशिरा अंडं घालणाऱ्या कोंबड्या आत जात नाहीत.

लाकडी पेटी थंड राहते हे खरं. पण लाकडाच्या फटींत रात्री रक्त पिणारी बारीक लाल कीड लपते आणि ती काढता काढता जीव जातो. ही पत्र्याची पेटी उघडून, चटया काढून, धुऊन उन्हात टाकली की झालं.

वाहतुकीसह साडेसहा हजारांच्या आसपास पडली. दहा-बारा कोंबड्या असतील तर घेऊ नका. दोन जुने लाकडी खोके, पुढं गोणपाट आणि आत तूस, तेवढं पुरतं. चाळीस-पन्नास असतील, अंडी विकायची असतील, तर पैसे वसूल होतात. घेताना दोन गोष्टी विचारा: खिट्या काढून तळ सपाट होतो का, आणि पुढची दांडी दुमडते का. यातलं एक जरी नसलं तरी दुसऱ्याकडं बघा.