रायातेयाहून भाड्याची कॅटामरान, फक्त दोघांसाठी: नागपूरकरांनी काय बघून घ्यावं

दक्षिण पॅसिफिकमधल्या फ्रेंच पॉलिनेशियात स्वतः चालवायची शिडाची बोट घ्यायची म्हटलं की रायातेया बेटावरूनच सुरुवात करावी. भाड्याच्या कंपन्यांचे मोठे तळ तिथेच आहेत. रायातेया आणि शेजारचं ताहा एकाच प्रवाळकड्याच्या आत वसलेले असल्यामुळे बाहेर समुद्र खवळलेला असला तरी आत लगूनमध्ये, म्हणजे कडा आणि बेट यांच्यामधल्या शांत पाण्यात, आरामात फिरता येतं. दोघांसाठी ही आठवड्याची सेवा अगदी पैसे वसूल आहे. मात्र नागपुरात कुठेही चौकशी केली की बोरा बोराचंच नाव पुढे करतात, आणि तिथेच आठवड्याचं गणित बिघडतं.

दोष वाऱ्याचा. इथे व्यापारी वारे पूर्व-आग्नेयेकडून वाहतात आणि बोरा बोरा ताहाच्या वायव्येला, साधारण २० समुद्री मैलांवर आहे. जाताना वारा पाठीशी असतो, चारेक तासांत पोचता येतं. येताना तोच वारा तोंडावर घ्यावा लागतो. कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांची बोट, वाऱ्याच्या तोंडाला फारशी चढत नाही, त्यामुळे नागमोडी जावं लागतं. २० मैलांचे सहज ३० होतात, नाहीतर दिवसभर इंजिन चालवत लाटा खात यायचं. जून ते ऑगस्टमध्ये मारामू नावाचा आग्नेयेचा जोरदार वारा सलग काही दिवस धरून बसतो. बोट परत करायच्या आदल्या दिवशी तुम्ही बोरा बोरात असाल तर अडकलात. जायचंच असेल तर आठवड्याच्या मध्यात जा आणि परतीसाठी एक दिवस हातचा ठेवा. दहा दिवस मिळत असतील तर आधी पूर्वेचं हुआहिने करा, मग ताहा, मग बोरा बोरा. बोरा बोराच्या लगूनमध्ये शिरायला पश्चिमेचा तेआवानुई हा एकच पास, म्हणजे कड्यातली वाट, आहे. आत नांगर टाकण्यावर निर्बंध आहेत, पैसे भरून बोयाला, म्हणजे तळाशी बांधलेल्या तरंगत्या गोळ्याला, बोट बांधावी लागते. तो खर्च आधीच धरा.

आता बोट. दोघांना ४० फुटांच्या आसपासची कॅटामरान पुरे. ती सव्वा मीटर पाण्यात तरंगते; एका सांगाड्याच्या बोटीला दोन मीटर लागतात, आणि प्रवाळात हा फरक फार मोठा आहे. ताब्यात घेताना तळावरचा माणूस शिडं, गॅस, संडासाचे व्हॉल्व्ह भराभर दाखवून मोकळा होतो. तिथे घाई करू देऊ नका. नांगराच्या विंडलासचा (साखळी ओढायच्या मोटरच्या यंत्राचा) ब्रेकर कुठे आहे आणि मोटर बंद पडली तर साखळी हाताने कशी सोडायची, हे त्याला करून दाखवायला लावा. साखळी एकूण किती मीटर आहे ते विचारा आणि दर १० मीटरची खूण पुसली गेली नाही ना, ते पाहा. दोन्ही इंजिनं सुरू करून मागून थंडाव्याचं पाणी बाहेर पडतंय का, हे डोळ्यांनी बघा. बॅटरी साध्या शिशाच्या असतील तर स्थिर स्थितीत १२.२ व्होल्ट म्हणजे निम्मी संपली. फ्रिज रात्रभर ओढतो, सकाळी आकडा याखाली दिसला तर इंजिन चालवावंच लागेल.

साखळीची चौकशी एवढ्यासाठी, की रायातेया-ताहाच्या खाड्या दिसतात सुंदर पण आहेत खोल, बऱ्याच ठिकाणी २०-२५ मीटर. १० मीटर पाणी आणि बोटीचं नाक (पुढचं टोक) पाण्याच्या दीड मीटर वर धरलं, तर दोन्हींच्या बेरजेच्या पाचपट हिशेबाने सुमारे ५७ मीटर साखळी सोडावी लागते. २५ मीटरला हेच गणित १३० च्या वर जातं आणि एवढी साखळी भाड्याच्या बोटीवर नसतेच. त्यामुळे बोया शोधा, नाहीतर कड्याजवळची पांढरी वाळू. वाळूत प्रवाळाचे खडक विखुरलेले असतील तर वारा फिरल्यावर साखळी त्यांना गुंडाळते आणि सकाळी निघता निघत नाही. मास्क लावून एकदा खाली बघून येणं हाच त्यावर उपाय.

बोयाला बांधताना दोघांची कामं आधी वाटून घ्या. वाऱ्याच्या तोंडाला हळू जायचं, एकाने सुकाणूवर, दुसऱ्याने नाकावर आकडीची काठी घेऊन. इंजिनाच्या आवाजात पुढचं बोलणं मागे ऐकू येत नाही, म्हणून डावीकडे, उजवीकडे, थांब, मागे एवढ्या चार हातखुणा किनाऱ्यावरच ठरवा. बोयाची दोरी हातात आली की इंजिन न्यूट्रल, नाहीतर ती पंख्यात जाते. दोन्ही नाकांवरून एकेक दोर बोयाच्या कडीतून ओवून परत आपल्याच क्लीटवर (दोर बांधायच्या खुंटीवर) आणायचा.

फिरायचं ते सकाळी दहा ते दुपारी तीन, सूर्य वर आणि पाठीशी असताना. गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवं म्हणजे उथळ, तपकिरी दिसलं की प्रवाळ. पोलराइज्ड चष्मा दोघांनाही हवा, एकावर भागत नाही. लगूनच्या आतल्या वाटेत लाल खुणा बेटाच्या बाजूला आणि हिरव्या कड्याच्या बाजूला असतात. भरती-ओहोटीचा फरक जेमतेम ३० सेंटिमीटर. तरीही पासमधून बाहेर जोराचा प्रवाह असतो, कारण कड्यावरून आत कोसळलेल्या लाटांचं पाणी तिथूनच निघतं. दक्षिणेकडून मोठ्या लाटांचा लोट येत असेल तेव्हा हा प्रवाह आणखी वाढतो.

शाकाहारी जोडप्याची तिथे थोडी अडचण होते. रायातेयावरच्या उतुरोआ गावातल्या दुकानांत तांदूळ, ब्रेड, नारळ, टिनमधल्या भाज्या मिळतात. ताजी भाजी महाग. डाळी, पोहे, मसाले इतवारीतून घेऊन छापील सीलबंद पाकिटांतच न्या. संत्री, बी-बियाणं आणि मध अजिबात नको, तिथे जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत. गॅसच्या दोन बर्नरवर कुकर चालतो, पण झुलत्या पाण्यात तो अडकवायच्या पट्ट्या आहेत का ते बघा.

नागपूरला समुद्र नाही, त्यामुळे अर्जातला अनुभव तोकडा दिसतो आणि कंपनी पहिले एक-दोन दिवस स्किपर (बोट चालवणारा) घ्यायला सांगू शकते. हुज्जत न घालता घ्या. त्याची केबिन आणि जेवण मात्र तुमच्याकडे. साधा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही, अर्जात फ्रेंच पॉलिनेशिया स्पष्ट लिहा. लॉस एंजेलिसहून गेलात तर अमेरिकेचा व्हिसाही लागतो. पैसे पॅसिफिक फ्रँकमध्ये, १ युरोला ११९.३३ हा दर बांधलेला आहे. डिपॉझिटची रक्कम मोठी असते. निघतानाच बोटीच्या तळाचे, पंख्यांचे आणि डिंगीचे (सोबतच्या छोट्या नावेचे) फोटो तळावरच्या माणसासमोर काढून ठेवा, परतीला कंपनीचा पाणबुड्या तेवढंच तपासतो.